घोट्याएवढ्या पाण्याचा दाब

माणूस रात्री नऊला आडवा होतो आणि सकाळी सहाला उठतो. म्हणजे चांगली नऊ तास झोप. मग तोच माणूस दहाच्या सुमाराला, भर उन्हात, हलत्या बोटीवर, बसल्या बसल्या घोरायला कसा लागतो?

हे कोडं अकरा वर्षांच्या जुईली कुबलला पडलं.

मालवणजवळच्या समुद्रात तेव्हा पाण्याखाली एक प्रवाळवाडी तयार होत होती. प्रवाळ (समुद्राच्या तळाशी वसाहत करून राहणारे चिमुकले जीव, त्यांच्या घरांचेच पुढे खडक होतात) तिथे रोपांसारखे लावायचे आणि वाढवायचे. तिथले सगळ्यात जुने पाणबुडे म्हणजे जुईलीचे आजोबा, दत्ताराम कुबल. जुईली त्यांना आजो म्हणायची. बोटीवर आणखी दोघी असायच्या. एक सुलभाआत्या, म्हणजे आजोंची लेक, आणि दुसरी कुर्ली. कुर्ली ही सहा पायांची, टोपलीएवढी यंत्रखेकडी. पाण्याखालच्या नळ्यांना कुठे गळती लागली तर हवेच्या आवाजावरून ती जागा अचूक सांगायची. आजोंनी तिला एकच शिष्टाचार शिकवला होता. तिला काहीही सांगा, ती आधी म्हणायची, “व्हय म्हाराजा!”

कुबलांच्या बोटीवर एक जुना नियम होता. यंत्रं कितीही शहाणी होवोत, खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधायचीच आणि वरचं टोक घरच्या माणसाच्या हातात द्यायचं. खालून दोन हिसके आले म्हणजे, ‘मी ठीक आहे, तू आहेस ना?’ वरून ताबडतोब दोन हिसके द्यायचे.

“यंत्र बिघडात, दोरी बिघडणा नाय,” आजो म्हणायचे.

त्या दिवशी आत्या खाली होती. दोरीला दोन हिसके आले. उत्तर गेलं नाही. पुन्हा दोन आले. जुईलीनं वळून पाहिलं तर काय, आजोंची मान छातीवर, तोंड उघडं, आणि दोरी मुठीतून सुटून सळसळत बोटीबाहेर चाललेली! तिनं झडप घालून ती पकडली आणि दोन हिसके दिले. आत्या वर येईपर्यंत मग तिनं ती सोडलीच नाही.

आत्या वर आली तेव्हा आजो जागे झाले होते. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती.

“दोरी माझ्या हातातसून सुटली, सुलभा,” ते म्हणाले. “ह्या चेडवान, जुईलीन धरली.”

मग त्यांनी दोरीची गुंडाळी केली, खाली ठेवली आणि बंदरावर येईपर्यंत तिच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्याच दिवशी आत्यानं त्यांना डॉक्टर रोझलीन डिसोझांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटाला लावायची एक पट्टी दिली. ती लावून आजो एक रात्र झोपले आणि पट्टीनं सगळं कोडंच उलगडून ठेवलं. निकाल ऐकायला जुईली आणि कुर्लीही सोबत गेल्या.

“दाजी, तुम्ही नऊ तास झोपत नाही,” डॉक्टर आजोंना म्हणाल्या. “तुम्ही नऊ तास पडून असता. झोपेत तुमचा श्वास तासाला अडतीस वेळा अडतो.”

“म्हणजे रात्रीत तीनशे बेचाळीस वेळा,” कुर्लीनं हिशेब सांगितला. तिला विचारलं कुणी नव्हतं.

“अगो बाय!” आजो म्हणाले. “मग माका कळणा कसा नाय?”

जुईलीच्या हातात शहाळं होतं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पाणी संपलं का गं?”

“नाही ना. ही कागदी नळी मऊ पडली. ओढलं की चपटीच होते.”

“आणि आणखी जोरात ओढलंस तर?”

“आणखी चपटी होते!”

“झालं. आजोंच्या घशात हेच होतं.” डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसल्या. “आपला घसाही एक मऊ नळीच आहे. जागेपणी भोवतीचे स्नायू तिला ताणून धरतात. झोपेत ते सैलावतात. काहींचा घसा इतका सैल होतो की श्वास आत ओढला की तो चपटा होऊन मिटतो. आत हवा जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होतो. मेंदू घाबरून हाक मारतो, ‘ऊठ, ऊठ!’ माणूस क्षणभर जागा होतो, मोठा घुर्र करतो, श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार). आता जुईली, त्या नळीत हलकेच फुंकर मार.”

जुईलीनं फुंकर मारली. चपटी नळी टुणकन गोल झाली.

“हीच फुंकर मारणारं यंत्र मी तुमच्या आजोंना देणार आहे. त्याला सीपॅप म्हणतात. ते खोलीतलीच साधी हवा मास्कमधून सतत, हलक्या दाबानं पाठवत राहतं. श्वास आजोंनीच घ्यायचा. यंत्र फक्त नळी उघडी ठेवणार.”

“टाकी नाय?” आजोंनी पाणबुड्याच्या जातीचा प्रश्न विचारला.

“टाकी नाही. आणि दाब किती, सांगू? दहा सेंटिमीटर पाण्याखाली असतो तेवढा.”

आजो खदखदून हसले. तीस-तीस मीटर खोल गेलेला माणूस तो! “म्हणजे घोट्याएवढा पाणी! बाई, चाळीस वर्सां तोंडार मास्क लावतंय मी. माका तुम्ही मास्क लावूक शिकवतलास?”

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. “पाण्यात उतरायच्या परवान्याचं तुमचं कार्ड आजपासून जमा, दाजी. एका महिन्याची मुदत आहे. त्यात सलग पंधरा रात्री, दर रात्री निदान चार तास मशीन चालल्याची नोंद हवी. नाही झाली, तर तुमचं पाणबुड्याचं कार्ड कायमचं रद्द होईल. बोटीवर दोरी धरायलाही मिळणार नाही.”

आजोंचं हसू जागच्या जागी विरलं.

आणि मग, ज्यांना मास्कचं कवतिक नव्हतं, त्यांना मास्कनंच नाकी नऊ आणले. पहिल्या रात्री वीस मिनिटं. दुसऱ्या रात्री अकरा. तिसऱ्या रात्री मास्क लावला, काढला, लावला, आणि उशीखाली दडपून टाकला. नाकावर बसणारा छोटासा मास्क, त्याला लवचीक नळी, नळीला डब्याएवढं यंत्र. दिसायला गरीब, पण आजोंनी तो लावला रे लावला की यंत्र सूंऽऽ करून जोर धरायचं.

“ह्या मशीन नाय, वादळ आसा!” सकाळी चहाच्या कपावर आजो करवादायचे. “आणि तोंडाचो नुसतो सुको बोंबील झालो!”

आत्या त्यांच्यावर चिडायची. “बाबा, तुम्ही मनावरच घेत नाही. लहान पोरंसुद्धा लावतात हे.”

“मग पोरांकाच पाठव पाण्यात,” आजो म्हणायचे आणि पडवीत जाऊन बसायचे. तिथून बंदर दिसायचं. त्यांची बोट त्यांच्याशिवाय जायची, यायची. जुईलीला ते बघवत नसे. आजो हट्टी आहेत हे तिला मान्य होतं, पण आळशी? छे! पाण्याखाली हट्टानं काम करणारा माणूस बिछान्यावर असा हरतो कसा? हे दुसरं कोडं तिला पहिल्यापेक्षा अवघड वाटलं.

अकरा रात्री अशाच फुकट गेल्या. बाराव्या दिवशी आत्यानं डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “रात्रीच कुस्ती कशाला? दिवसा सवय करा. दुपारी जागेपणी बसून अर्धा तास मास्क लावा, गप्पा ऐका, काहीतरी बघा.”

म्हणून त्या दुपारी आजो पडवीतल्या आरामखुर्चीत मास्क लावून बसले. समोर जुईली मासेमारीच्या जाळ्याची गाठ सोडवत होती, आणि कुर्ली पाय पसरून उन्हात आपली बॅटरी भरत होती. यंत्र सुरू झालं. सुरुवातीला अगदी मंद होतं. मग सूंऽऽऽ!

“गळती,” कुर्ली म्हणाली.

जुईलीनं मास्कच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठेच हवा लागली नाही. “इथे नाही गं. नीट ऐक.”

“व्हय म्हाराजा. गळती मास्कला नाही. चार सेंटिमीटर खाली आहे. आजोंच्या तोंडाला आहे.”

जुईलीनं पाहिलं. खरंच की! आजोंचे ओठ विलगले होते. नाकातून आत शिरलेली हवा तोंडातून सरळ बाहेर पडत होती. म्हणजे घशात दाब टिकतच नव्हता, आणि यंत्र बिचारं तो भरून काढायला आणखी जोर लावत होतं. वादळ कुठून येतं ते कळलं. तोंडाचा बोंबील कशानं होतो तेही कळलं.

“आजो, तोंड मीट.”

आजोंनी मिटलं. यंत्राचा आवाज खाली आला. अर्ध्या मिनिटानं तोंड पुन्हा आपोआप उघडलं.

“मीट म्हटलं ना!”

आजोंनी वैतागून मास्क काढला. “मिटलंलंय गो! माका काय म्हायत कधी उघडता ता!”

मास्क काढला आणि तोंड आपसूक मिटलं. जुईली बघतच राहिली. मग ती ताडकन उठली, आत पळाली आणि खुंटीवरचा आजोंचा जुना, समुद्रात वापरायचा काचेचा मास्क घेऊन आली. “हा लाव.”

“आता ह्या आणि कित्याक?”

“लाव तर खरा!”

आजोंनी तो डोळ्यांवर आणि नाकावर चढवला. पट्टा डोक्यामागे बसला, आणि त्याच क्षणी तोंड आऽऽ झालं. हवेची नळी दातांत धरायला तयार!

जुईली टाळ्या पिटत नाचायला लागली. “आत्ये, आत्ये, लवकर ये! आजो हट्टी नाहीत! आजो पाणबुडे आहेत!”

आत्या पीठ भरल्या हातानं बाहेर आली. स्वतःही पाण्याखाली उतरत असल्यामुळे तिला एका नजरेत सगळं उमगलं. पाण्याखाली नाक मास्कमध्ये बंद असतं. श्वास घ्यायचा तो तोंडातल्या नळीनं. शिकाऊ पाणबुड्याला पहिला धडाच तो: मास्क चढला की नाक विसर, तोंडानं श्वास घे. आजोंनी तो धडा चाळीस वर्षं इतका पक्का गिरवला होता की नाकावर काहीही चढलं की त्यांचं तोंड त्यांना न विचारता उघडत होतं. ज्या सवयीनं समुद्रात जीव राखला तीच बिछान्यावर आडवी आली होती.

आत्या आजोंच्या खुर्चीशी बसली. “बाबा, मी तुम्हाला उगाच बोलले हो,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

“रडतंस कित्याक?” आजो काचेच्या मास्कमधून म्हणाले. “घोट्याएवढ्या पाण्यात बुडत होतंय, चेडवान वर काढल्यान.”

डॉक्टरांना कळवलं तेव्हा त्याही हसल्या. असा रुग्ण त्यांनी पाहिलाच नव्हता. उपाय मात्र सोपा निघाला: नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क. आता श्वास कुठूनही घ्या, हवा पळून जायला वाट नाही. घसा कोरडा पडू नये म्हणून यंत्रातल्या छोट्या टाकीत पाणी भरायला सांगितलं. त्यानं हवा कोमट आणि दमट होते. “आणि पट्टे करकचून आवळू नका. दाब हवेनं द्यायचा असतो, पट्ट्यानं नाही.”

“ह्या माका ठावक आसा,” आजो म्हणाले, आणि यावेळी ते खरंच त्यांना ठाऊक होतं.

तरी लगेच गंगेत घोडं न्हालं असं नाही. नवा मास्क तेराव्या दिवशी आला. त्या रात्री पावणेदोन तास झाले. मग अडीच. मग तीन तास दहा मिनिटं. महिन्यातल्या पंधरा रात्री संपल्या होत्या. उरल्या बरोबर पंधरा, आता एकही चुकवून चालणार नव्हतं. सोळाव्या रात्रीची नोंद कुर्लीनं सकाळी वाचली: “चार तास वीस मिनिटं.” जुईलीनं पडवीच्या खांबावर खडूनं पहिली रेघ ओढली.

बाविसाव्या दिवशी आजोंना सर्दी झाली. नाक चोंदलं. जुईलीच्या तोंडचं पाणी पळालं. आत्यानं वाफारा दिला, डॉक्टरांनी यंत्रातला दमटपणा वाढवायला सांगितला. सकाळी नोंद आली: चार तास सहा मिनिटं. सहा मिनिटांनी घोडं वाचलं!

पंचविसाव्या सकाळी जुईली चहा घेऊन गेली तर आजो बिछान्यावर बसून एकटेच हसत होते.

“काय झालं, आजो?”

“माका सपान पडला गो.” त्यांचा आवाज हळू झाला. “किती वर्सांनी! कुर्ली माझी चप्पल घेवन पळाली, आणि मी मागसून धावतंय…”

“मी चप्पल घेतलेली नाही,” कुर्ली दारातून म्हणाली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की स्वप्नं मुख्यतः झोपेच्या एका खास टप्प्यात पडतात. श्वास सारखा अडत राहिला की तो टप्पा सलग मिळत नाही, आणि झोप सुधारली की स्वप्नं परत येऊ शकतात. जुईलीला मात्र डॉक्टरांची वाट बघावी लागली नाही. आजोंचे डोळे तिनं इतके लख्ख कधी पाहिलेच नव्हते.

महिना भरला त्या सकाळी खांबावर पंधरावी रेघ पडली आणि दुपारी कार्ड परत आलं. आजोंनी ते खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चला बोटीर!”

प्रवाळवाडीवर पाणी शांत होतं. पहिली पाळी आजोंची. त्यांनी काचेचा मास्क चढवला, तोंड आपोआप उघडलं, आणि आत्या, जुईली आणि ते स्वतः, तिघंही हसली. कमरेला दोरी बांधून झाली तेव्हा आत्यानं वरचं टोक घ्यायला हात पुढे केला.

“थांब,” आजो म्हणाले. “दोरी चेडवाच्या हातात दी. पुढच्या वर्सा ती खाली जातली, मी वर धरतलंय. आज ती धरतली.”

आजो पाण्यात उतरले. बुडबुडे वर येत राहिले, एकामागून एक, न अडता. जुईलीनं दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. काही वेळानं खालून दोन हिसके आले.

तिनं लगेच दोन हिसके दिले.