सालींचा मंडप

आईच्या रंगकामाच्या कारखान्यात शर्वरीने फडक्याची चौघडी केली आणि हौदातलं जांभळं पाणी त्यातून गाळलं. खाली पडलं तेही जांभळंच! चिखल गाळला जातो, मग रंग का नाही?

"रंग कमी नाही. झडप बंद," दारातल्या पहारूने जाहीर केलं.

ही गोष्ट थोड्या पुढच्या काळातली. तेव्हा कापड रंगवणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या नाल्यावर असा एकेक यंत्रमानव बसवलेला होता. नदीत रंगीत थेंब जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

"मग उरलेले फेटे कशात रंगवू? तुझ्या डोक्यात?" आई वैतागली. हौद जुन्या रंगपाण्याने भरलेले, आणि सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनाला टाळकऱ्यांचे रेशमी फेटे द्यायचा शब्द तिने देऊन ठेवलेला.

"माझ्या डोक्यात पाणी घालण्यास मनाई आहे," पहारू म्हणाला.

फळांच्या साली रंग ओढतात, असं शर्वरीने शाळेत ऐकलं होतं. ती धावत देवळात गेली. एकादशीच्या फराळाच्या मोसंबीच्या साली टोपलीभर आणल्या आणि बादलीभर रंगपाण्यात ओतल्या.

सकाळी पाणी गढूळ, वर आंबूस.

"रंग वाढला," पहारू म्हणाला. "वास नवीन."

शर्वरीचे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारच्या कुमुदआजी आल्या. आजी पूर्वी रसायनशास्त्रज्ञ होत्या. आता कीर्तनाला उभ्या राहायच्या. त्यांनी एक साल उचलली आणि खळखळून हसल्या. "अगं, देवापुढची फळं ही! हळदीकुंकवासकट बुडवलीस होय?"

"पण रंग का गेला नाही, आजी?"

"चिखलाचे कण मोठे, फडक्यात अडकतात. रंग पाण्यात विरघळलेला. त्याचे कण इतके बारीक, की फडक्याचं प्रत्येक भोक त्यांना महाद्वार वाटतं! त्यांना अडवायचं नाही, बसायला जागा द्यायची. तुझ्या सालीत जागा होती कुठे? तिचाच रस, तिचाच पिवळेपणा, वर कुंकू. मंडप आधीच भरलेला. कीर्तनाला आलेल्यांनी बसावं कुठे?"

मग दोघी कामाला लागल्या. नव्या साली धुतल्या, पाणी बदलत बदलत उकळल्या, कडक उन्हात वाळवून कुटल्या.

"कुटायच्या कशाला?"

"अख्ख्या सालीची बाहेरचीच बाजू कामाला येते. पूड केली की आतलीही उघडी पडते. सतरंज्या वाढल्या!"

शेवटी आजींनी पूड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवली आणि स्वच्छ धुतली. "सोड्यामुळे सालीवरच्या जागांना ऋण विद्युतभार (विजेच्या दोन प्रकारांपैकी एक) येतो. आईचा हा रंग धनभाराचा. ऋण आणि धन एकमेकांना ओढतात. कण असे पृष्ठभागाला चिकटून बसतात, त्याला म्हणतात अधिशोषण."

बरणीत रंगपाणी आणि पूड घालून शर्वरी 'विठ्ठल विठ्ठल'च्या ठेक्यावर हलवू लागली. पूड जांभळी होत गेली, पाणी फिकं. पण फिक्या जांभळ्यावर ते अडलं. कितीही हलवा, पुढे सरकेना.

आई खाली बसली. "संपलं."

शर्वरी बरणीकडे बघत राहिली. एकदम ओरडली, "मंडप भरला! आजी, नवीन मंडप हवा!"

तिने पाणी निथळून घेतलं आणि ताजी पूड घातली. थोड्या वेळाने बरणीपलीकडचं आजींचं हसू स्पष्ट दिसू लागलं.

तसेच सगळे हौद निवळले. पहारूने पाण्यात भिंग बुडवलं. पुसलं. पुन्हा बुडवलं. "रंग नाही," तो पुटपुटला आणि झडप उघडली.

"आता ही जांभळी पूड उकिरड्यावर?" आईने विचारलं.

"छे! नदी वाचवून उकिरडा रंगवायचा?" आजी म्हणाल्या. त्यांनी पूड लिंबूसत्त्वाच्या पाण्यात घातली. आंबट पाण्यातल्या धनभाराच्या कणांनी जागा घेतल्या आणि बराचसा रंग उठून बाहेर आला. त्यात शर्वरीने रेशमाचा एक तुकडा बुडवला.

"आजी, ऋणभाराचा रंग आला तर?"

"तर साल वेगळ्या तऱ्हेने तयार करावी लागेल. मोठी झालीस की शोध. की आत्तापासूनच?"

काल्याच्या दिवशी टाळकऱ्यांच्या डोक्यावर नवे फेटे होते. पहारू मंडपाच्या कडेला थबकला. त्याच्याही डोक्याला फिका जांभळा रेशमी तुकडा बांधलेला.

"मंडप भरला," तो म्हणाला.

"सालीला सरकता येत नाही. आम्हाला येतं," शर्वरी म्हणाली, आणि सतरंजीवर सरकून तिने जागा केली. "बस."