लाखांदूरची मॅडम, सिहोऱ्याचे सर

भंडाऱ्याच्या शिक्षक-प्रशिक्षणात रीनाच्या वाट्याला पाठ आला रडका आणि जोडीदार आला हसरा. यादीत दोघांची नावं लागोपाठ होती, योगायोग म्हणायचा तो एवढाच. लाखांदूरच्या रीना मॅडम आणि सिहोऱ्याचे संघपाल सर यांनी मिळून आठवीच्या वर्गावर एक जुनी, गाजलेली कथा शिकवायची होती. पुस्तक एकच. ते मधे धरून वाचताना त्याच्या शर्टाची बाही तिच्या मनगटाला लागली... आणि तिनं हात काही मागे घेतला नाही.

कथा दुष्काळातल्या मायलेकाची. हंडीत एकाच्या पोटापुरता भात उरलेला. "मी जेवले," असं सांगून आई झोपते, "मी जेवलो," म्हणून लेकही झोपतो, आणि सकाळी भात नासलेला असतो. यातला त्याग रीनानं समजावला, दैवानं केलेली थट्टा संघपालनं.

पुढच्या बाकावरची चंदा उभी राहिली. "मॅडम, मंग त्याईनं एकमेकाले खरं काहून नाही सांगतलं?"

रीना अडखळली. संघपालनं खडूचे हात झटकले. "सांगतलं असतं, तं आपल्याले धडा कुठून भेटला असता?"

पोरं हसली. चंदाचं मात्र समाधान झालेलं दिसलं नाही.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. चहाच्या टपरीवर रीना म्हणाली, "वाचवलं तुमी मले, सर."

"मंग हा चहा तुमच्याकडून. अन् पुढच्या रविवारचाही."

"पुढच्या रविवारी कायले? पाठ तं झाला."

"पाठ झाला, मॅडम... मले अजून शंका हायेत."

त्या शंका दीड वर्ष काही फिटल्या नाहीत. रविवार आला की ती दक्षिणेकडून भंडाऱ्याला यायची, तो उत्तरेकडून, आणि एका छत्रीतून दोघं वैनगंगेच्या पुलापर्यंत चालत जायचे. पावसात छत्री नेहमी तिच्याच बाजूला कललेली असायची, त्याचा एक खांदा भिजलेला असायचा. "सर"चा संघपाल झाला, "तुमी"चं तू झालं. लग्नाचा विषय निघाला की मात्र दोघं नदीकडे बघत बसायचे.

कारण घरी एकेक जीव होता. रीनाची आई मंगलाबाई दिवसेंदिवस विसरत चालली होती, चुलीवर भात ठेवून शेजारणीच्या दारात जाऊन बसायची. संघपालचे वडील यादोराव एकटे, कमरेत वाकलेले, पण धानाची बांदी, आपलं भाताचं शेत, सोडायला तयार नव्हते. तू तुझ्या माणसाला सोडून ये, असं म्हणायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

बदल्यांचे अर्ज निघाले तेव्हा रीनानं मनाशी ठरवलं, त्यानं बापाला सोडायला नको. आईला घेऊन आपणच तिकडे जाऊ. आधी सांगितलं असतं तर त्यानं तिला अर्ज भरू दिला नसता, म्हणून तिनं तो गुपचूप भरला. यादी लागली, तिला सिहोरा मिळालं. आनंदानं तिनं फोन लावला.

पलीकडे त्यानं यादीतलं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "रीना... तुया आईसाठी मीनंही अर्ज टाकला होता. मले लाखांदूर भेटलं."

रीनाच्या शाळेचे मुख्याध्यापक वासुदेवरावांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. शहाण्या माणसांनो, आधी लग्न करून पती-पत्नी एकत्रीकरणात अर्ज टाकला असता तर एका गावात आला असता, आता तीन वर्षं काही हलत नाही, असं ते म्हणाले. रीना त्यांच्यासमोरच रडली.

आईला तिनं सिहोऱ्याला नेलं, पण चौथ्या दिवशी म्हातारी आपलं घर शोधत निघाली आणि बसथांब्यावर सापडली. शेवटी तिला लाखांदूरला परत न्यावं लागलं. दिवसा शेजारीण बघायची, शाळा सुटली की संघपाल. इकडे यादोरावांच्या कमरेला तेल लावायची रीना. दोघांनी आपलं माणूस दुसऱ्याच्या हाती दिलं होतं, आणि एकमेकांना मात्र रविवारीच भेटत होते.

एका रविवारी पुलावर तो म्हणाला, "काल आईनं मले रीना म्हणून हाक मारली."

"मंग तू काय म्हटलं?"

"ओ म्हटलं."

रीनाला गलबलून आलं. या माणसावर आपलं किती प्रेम आहे, हे तिला त्या एका "ओ"नं कळलं. "संघपाल," ती म्हणाली, "लगन करून टाकू."

"अन् मंग?"

"मंग काय... सोमवारी शाळा हाये."

भंडाऱ्याच्या विहारात लग्न झालं. पांढऱ्या साडीतली रीना फार सुंदर दिसत होती. मंगलाबाईनं तीनदा विचारलं, लगन कोणाचं आहे, आणि तीनदा आशीर्वाद दिला.

संध्याकाळी बसस्टँडवर सिहोऱ्याकडे जाणारी तुमसरची गाडी आधी लागली. यादोरावांना धरून रीना चढली. नवरी सासरी निघाली होती, नवरदेव तिच्या आईचा हात धरून तिच्या माहेरी जाणार होता. खिडकीतून तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग तिला आवरेना.

मंगलाबाई त्याची बाही ओढत म्हणाली, "ते पोरगी कोनाची हाये, रडून राहिली?"

"आपलीच हाये, आई," संघपाल म्हणाला. गाडी सुटली.