नोंद क्रमांक त्रेसष्ट

संगमेशनं हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडली.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा.

भिंत पाडलेली नाही. सोसायटीच्या नकाशात ती आजही उभी आहे. चेअरमन आबासाहेबांनी विचारलंच, तर आम्ही सगळे नातेवाईक एका सुरात सांगणार होतो की भिंत आहे, फक्त दिसत नाही.

बाकी सगळं मात्र खरं आहे. संगमेश माझा मावसभाऊ. त्याच्या घरी मी जेवलोय आणि ते रजिस्टर मी स्वतःच्या हातानं चाळलंय. ज्यांना भुताच्या गोष्टीत अमावस्या आणि पिंपळ लागतो त्यांनी इथंच थांबावं. ही गोष्ट गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारची आहे. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. जुळे सोलापूर. बाहेर त्रेचाळीस डिग्री.

असल्या उन्हात भूतसुद्धा बाहेर पडत नाही.

म्हणून ते घरातच होतं...

संगमेश एका सरकारी कचेरीत क्लार्क आहे. आस्थापना शाखेत. लोक आधी रजा घेऊन मोकळे होतात, मग अर्ज करतात, आणि संगमेश ती रजा मागच्या तारखेपासून मंजूर करून आणतो. ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ हे शब्द तो झोपेतही न चुकता लिहील. होऊन गेलेली गोष्ट मागाहून रीतसर करणं, हीच त्याची नोकरी.

त्याची आई चंद्रव्वा, माझी मावशी. तिला झटका आला आणि उजवं अंग गेलं. हॉलमध्ये खाट टाकली. समोर भिंत. साडेचार इंची, क्रीम कलरची, कोरी. टीव्ही बेडरूममध्ये होता.

"संगू," ती अर्ध्या तोंडानं म्हणायची, "मला बी कायतरी बघायला लाव की."

"लावतो की अव्वा. फुडच्या महिन्यात हितंच मोठं कायतरी लावतो."

पुढचा महिना अकरा वेळा आला आणि गेला.

कुणाला बोलवायचं झालं तर ती डाव्या हातानं चमचा स्टीलच्या पेल्यावर मारायची. टिंग... टिंग... मग बेडरूममधल्या मॅचचा आवाज थोडा वर जायचा.

शेवटी तिनं टीव्हीची वाट बघणं सोडलं.

आणि भिंत बघायला लागली.

नुसती बघायची नाही, सांगायची. अमका पळतोय, तमकी रडतेय. डॉक्टर म्हणाले, काय बोलतात ते वेळेसकट लिहून ठेवा, औषध ठरवायला बरं पडेल. दुसऱ्या कुणी वहीच्या मागच्या पानावर खरडलं असतं. संगमेशनं पट्टीनं रेघा मारून रजिस्टर तयार केलं. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, तपशील, शेरा. तपशील त्याची बायको धनलक्ष्मी लिहायची, कारण दिवसभर अव्वाजवळ तीच. शेरा संगमेशचा. पहिल्या नोंदीसमोर त्यानं लिहिलं, ‘निरर्थक’.

त्याखाली ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. पानाच्या शेवटापर्यंत. पुढच्या पानांवरही.

रिकाम्या ओळींसमोरसुद्धा. रोज कोण बसणार? त्यानं एकदाच, आगाऊ करून टाकल्या.

जानेवारीत, संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या चार दिवस आधी, अव्वा गेली. दुपारी. संगमेश कचेरीत होता. कुणाची तरी रजा मागच्या तारखेपासून मंजूर करत होता.

खाट निघाली. भिंत मोकळी झाली. आणि मार्चच्या शेवटी संगमेशनं प्रोजेक्टर मागवला.

स्वस्तातला. फुल एचडी. खोक्यावर लिहिलं होतं, घरबसल्या थिएटर, तीनशे इंची पडदा. हॉल अकरा फूट. तीनशे इंची चित्र पाडायचं तर प्रोजेक्टर समोरच्या बिल्डिंगमध्ये ठेवावा लागला असता. त्यानं तो स्टुलावर ठेवला, बरोबर तिथं, जिथं अव्वाची उशी असायची. उजेड कुठून येऊ नये म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या.

अव्वानं मागितलेलं सगळं भिंतीवर आलं. अव्वा गेल्यावर अडीच महिन्यांनी.

पहिलाच रविवार. कुठला तरी परदेशी, डब केलेला पिक्चर. चित्र झकास. लाल कोटातला एक माणूस बर्फातून पळत होता. मागं कुत्री.

आणि त्या भुंकण्याच्या खालून...

टिंग...

"स्पीकर बाद हाय," संगमेश म्हणाला. "स्वस्तातलं म्हंजे असंच." त्यानं आवाज वाढवला.

टिंग... टिंग...

त्यानं अजून वाढवला.

शेजारी धनलक्ष्मी शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला.

"ह्ये अव्वांनी सांगितलं हुतं की."

"काय?"

"लाल कोट. बर्फ. कुत्री. पैल्याच दिवशी. मीच लिवलंय."

"कायबी बोलतीस."

तिनं वाद घातला नाही. माळ्यावरनं रजिस्टर काढून त्याच्या मांडीवर टाकलं. अनुक्रमांक एक. लाल कोटवाला बर्फात पळतोय. मागं कुत्री. शेरा, निरर्थक.

"शंभर पिक्चरात बर्फ असतोय," संगमेश म्हणाला. मग दुसरा पिक्चर लावला. मुद्दाम वेगळा, गावाकडचा.

नोंद दोन. बसमधी पोरींनी डबा उघडला. भाजी शेपूची.

पडद्यावर एका मुलीनं डब्याचं झाकण काढलं. शेजारची मुलगी नाक मुरडून म्हणाली, "शी, शेपू!"

मग ते थांबेना. काहीही लावा. गाणी लावा, बातम्या लावा, मासे पकडायचे व्हिडिओ लावा. नोंद तीन. नोंद चार. ओळीनं, एकही न गाळता. अकरा महिने कोऱ्या भिंतीवर म्हातारीनं जे पाहिलं, तेच आता फुल एचडीमध्ये चालू होतं.

दुसऱ्या रविवारी संगमेशनं मॅच लावली. चालू मॅच. "आता बघू," म्हणाला, "ह्ये तर अजून घडायचं हाय."

नोंद अठ्ठावीस. तारीख एकोणीस जुलै. मैदानात कुत्रं शिरलं. पोलीस पडला. टोपी कुत्र्यानं नेली.

चौदाव्या ओव्हरला कुत्रं शिरलं.

पोलीस पडला.

टोपीचं काय झालं ते बघायला दोघंही थांबले नाहीत...

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. हे संभाषण त्यानं मला शब्दशः सांगितलंय.

"सर, पिक्चर क्लिअर नाहीये का?"

"पिक्चर एक नंबर हाय. माझ्या आईनं आधीच बघितलाय."

"मग प्रॉब्लेम काय आहे सर?"

"आई जानेवारीत वारली."

बराच वेळ कीबोर्डचा आवाज. मग, "सर, एकदा रिमोटवरून लँग्वेज चेंज करून बघता का?"

त्यानं बघितली. नोंद एकोणतीस तमिळमध्ये आली.

त्या रात्री जेवण झाल्यावर संगमेशनं रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं. हे पान त्यानं कधीच वाचलं नव्हतं. वाचायची गरजच नव्हती. शेरा आधीच मारलेला होता.

साठ. आमच्याच घरात मानसं बसल्यात. खिडकीला चादरी. संगू हसतोय.

एकसष्ट. मी पेला वाजवला. संगूनं आवाज वाढवला.

बासष्ट. परत वाजवला. त्यानं परत वाढवला.

या तीन नोंदी भिंतीवर येण्याची वाट बघायची गरज नव्हती. त्या पहिल्याच रविवारी घडून गेल्या होत्या. भिंतीच्या एका अंगाला हे दोघं शेंगा खात बसले होते, आणि दुसऱ्या अंगाला...

त्रेसष्ट. ही अव्वाच्या शेवटच्या दिवसाची नोंद. वेळ तीन दहा.

संगू एकटाच खुर्चीवर बसलाय. हाका मारतोय. मी हाय की हितंच, म्हटलं. त्याला ऐकू जात न्हाय.

त्यापुढं ओळी रिकाम्या.

संगमेशनं मला टेंभुर्णीला फोन केला तो याच वेळी. रडत नव्हता. कचेरीतल्या आवाजात बोलत होता. "म्हंजे ती बघतीय आपल्याला. तिच्या त्या दिवसातनं. एक दुपार शिल्लक हाय. मी हाका मारणारच न्हाय. गप बसून ऐकणार. नोंद चुकली पायजे. तिचं मला ऐकू आलं पायजे."

एवढंच त्याला हवं होतं. एकदा तिचं ऐकायचं.

धनलक्ष्मीला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. "आता खुर्ची टाकून काय उपेग?" ती म्हणाली. "अकरा म्हैने मी बसले की फरशीवर. तवा ह्या घरात खुर्ची न्हवती."

पुढच्या शनिवारपर्यंत त्यानं पिक्चरमागून पिक्चर लावले. एकोणसाठ झाली.

आणि तो रविवार आला.

पावणेतीनला त्यानं प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीसमोर ठेवली. चादरी लावल्या. चुकूनही हाक निघू नये म्हणून तोंडात पाण्याची गुळणी धरली. गाल फुगवून, मांडीवर हात ठेवून, बसला. धनलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

तीन पाच. लाइट गेली.

पंखा थांबला. फ्रिज गप झाला. त्या घरात इन्व्हर्टर नाही.

प्रोजेक्टर चालूच होता...

धनलक्ष्मी पुढं आली. तिनं सॉकेटमधली पिन उपसली. वायर तिच्या हातात लोंबत राहिली.

प्रोजेक्टर चालूच होता...

भिंतीवर पिक्चर नव्हता. नुसता दुधी उजेड. मग त्यात हळूहळू खाटेचा कठडा दिसला. हिरवं लुगडं. स्टुलावर पेला.

आणि अव्वा. उशीला टेकून, सरळ त्याच्याकडं बघत.

टिंग...

हा आवाज स्पीकरमधून आला नाही. भिंतीतून आला.

संगमेश हलला नाही. गाल फुगलेले. डोळ्यांतून पाणी, तोंडातही पाणी.

तिनं पुन्हा चमचा उचलला. चमचा पेल्याच्या कडेवर बसला. पेला कलंडला, फरशीवर पडला, घरंगळत गेला. तिनं डावा हात लांब केला. पुरला नाही. अजून लांब केला. सगळं अंग खाटेच्या कडेला आलं...

कुणीच येत नव्हतं.

"अव्वा! अव्वा थांब, पडशील! मी हाय की, मी उचलतो!"

गुळणी कधी सांडली त्याला कळलं नाही. तो फरशीवर ओणवा होऊन पेला शोधत होता. त्याच्या फरशीवर पेला नव्हता. "अव्वा! अव्वा!"

तिचे ओठ हलले. अर्धेच.

आवाज आला नाही.

उजेड गेला. मग लाइट आली, पंखा फिरला, फ्रिज घुमला. प्रोजेक्टर काळा ठिक्कर.

घड्याळ बघायची गरज कुणालाच वाटली नाही.

यानंतर जे झालं ते झालेलं नाही. पण झालं असतं, तर असं झालं असतं. संगमेश खाली गेला आणि आबासाहेबांकडं हातोडा मागितला. "खिळा मारायचाय का?" आबासाहेबांनी विचारलं. "व्हय," म्हणाला. चाळीस मिनिटं तो खिळा चालला. भिंतीपलीकडं ओटा होता, गॅस होता, आणि पिठानं माखलेल्या हातांनी उभी असलेली धनलक्ष्मी होती.

"सापडली?" तिनं विचारलं.

तो विटांवर बसून राहिला.

"त्या दिवशी पेला पडला हुता," ती म्हणाली. "मी गिरणीवर गेले हुते, दळणाला. आले, तर त्या पडलेल्या. खाटंच्या कडंला. हात खाली सोडून." मग म्हणाली, "मला वाटलं, लिवण्यासारखं काय न्हाय. नोंद तर, अव्वांनी सांगितलेल्या येळेसकट, मी गिरणीला जायच्या आधीच लिवली हुती."

तो पेला त्या दिवसापासून घरात सापडलेला नाही.

दर रविवारी दुपारी, जिथं भिंत होती... आहे... तिथून अजून आवाज येतो. मी एकदा ऐकलाय. दोनदा वाजतो, मग काहीतरी घरंगळतं.

प्रोजेक्टर सध्या माझ्याकडं आहे. धनलक्ष्मीनं पिशवीत घालून दिला. मी तो लावलेला नाही. पण गेल्या आठवड्यात माझी आई, अगदी ठणठणीत आहे ती, म्हणाली, "त्या पिशवीत काय हाय रं? मला बी कायतरी बघायला लाव की."

मी ‘लावतो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मला ते मिटता येईना.

आबासाहेबांना शेवटी मलबा दिसला. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "पाडली ती पाडली. मागच्या तारखेचा एक अर्ज टाक, म्हंजे आपण रीतसर करून घेऊ. तुला काय शिकवायचं?"

संगमेशनं त्याच संध्याकाळी अर्ज दिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. प्रत माझ्याकडं आहे.

प्रति,
मा. चेअरमन साहेब यांसी,

विषय : पूर्वलक्षी प्रभावाने परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, गेल्या वर्षीच्या आठ फेब्रुवारीपासून चालू वर्षीच्या आठ जानेवारीपर्यंतच्या अकरा महिन्यांत, दररोज दुपारी तीन ते चार या वेळेत, सदर भिंतीसमोर, कै. चंद्रव्वा यांच्या खाटेशेजारी, अर्जदारास एक खुर्ची टाकून बसण्यास पूर्वलक्षी प्रभावाने परवानगी मिळावी. खुर्ची अर्जदार स्वतः आणेल. तसेच नोंदवहीतील अ. क्र. १ ते ६३ समोरील ‘निरर्थक’ हा शेरा मूळ दिनांकापासून रद्द समजण्यात यावा.

उचित कार्यवाही दुपारी तीन दहाच्या आत व्हावी, ही विनंती.