निळ्या पाण्याची बाटली

"बर्फ पाहिजे!" मी ओरडले.

"किती टन?" तोही ओरडला.

"दोन किलो!"

फावड्यावर हनुवटी टेकवून तो माझ्याकडे बघतच राहिला... आणि मग असा हसला, की हातातला डबा कुठे लपवू असं मला झालं.

२००४चा एप्रिल. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवरचा तो बर्फाचा कारखाना म्हणजे नुसता गडगडाट. बर्फाची लादी मशीनमध्ये पडते, तिचा चुरा होतो आणि पन्हळीतून थेट बोटीच्या पोटात जातो. एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येईल तर शपथ!

"मशीन बंद करा ना जरा!"

"मध्येच बंद केलं तर चुरा आत गोठून बसतो. मग अब्बा मला लादीवर बसवतील." तो जवळ येऊन म्हणाला, "कुठला मासा ठेवायचाय? सुरमई?"

"मासा नाही. सॅलमँडर. जिवंत आहेत, दोन. पाण्यातच राहतात. चार पाय, गळ्याशी गुलाबी तुरे आणि हसरं तोंड."

"तुमच्यासारखं?"

"शेपूटही असतं त्यांना," मी म्हणाले.

तो खो-खो हसला. मग खडू घेऊन फळ्याकडे वळला. इथे बोटीचं नाव फळ्यावर चढल्याशिवाय कुणाला बर्फ मिळत नाही.

"बोटीचं नाव?"

"बोट कुठली आलीय!"

"नाव लागतंच."

"लिहा मग... बादशाह-वजीर."

'अल रहीम' आणि 'जय जोगेश्वरी' यांच्या मध्ये त्याने खरोखरच 'बादशाह-वजीर' लिहिलं. अक्षर मात्र सुरेख होतं हं. माझं लक्ष नको तिथे जातंच.

बादशाह आणि वजीर माझ्या भावाचे. फहादभाईने मुंबईत हौसेने घेतले, पण खोलीवरचे मित्र घाबरले, म्हणून टाकीसकट आमच्या घरी आणून ठेवले. अम्मी त्यांना 'पाण्यातली पाल' म्हणायची आणि त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेलं, त्यामुळे जबाबदारी माझीच. त्यांना पाणी हवं अठरा-वीस अंशांचं आणि आमच्या टाकीत एकतीस! चार दिवस दोघांनी गांडूळ तोंडात घेतलं नव्हतं. तुरे मलूल झाले होते. घरच्या फ्रिजचा बर्फ टाकीत बघता बघता नाहीसा व्हायचा.

हे सगळं मी त्याला ओरडून सांगितलं. त्याचा हसरा चेहरा एकदम गंभीर झाला.

"हा बर्फ पाण्यात टाकू नका. नळाचं पाणी आहे, ब्लीचिंग असतं त्यात. मेलेल्या माशाला चालतं, जिवंताला नाही. उद्या सकाळी या, मी करतो काहीतरी."

आणि त्याने केलंच! सरबताच्या दोन मोठ्या बाटल्या, पाणी भरून, झाकण घट्ट लावून लाद्यांच्या साच्यांशेजारी रात्रभर गोठवलेल्या. बाटली तशीच टाकीत सोडायची. पाणी गार होतं आणि बर्फ पाण्यात मिसळत नाही. तिसऱ्या दिवशी पारा एकवीसवर आला. बादशाहने माझ्या चिमट्यातून कोळंबीचा तुकडा असा गपकन ओढला, की मी आनंदाने घरभर नाचले.

मग रोजचंच झालं. सकाळी सातला मी वितळलेल्या बाटल्या द्यायच्या आणि त्याने गोठवलेल्या. फळ्यावर पहिलं नाव – बादशाह-वजीर. त्याचं नाव कैफ, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मात्र नाही कळलं. बाटल्या देताना त्याची गार बोटं माझ्या बोटांना लागायची आणि मी हात लगेच मागे घ्यायची... म्हणजे, तसा लगेच नाही.

"आज काय खाल्लं साहेबांनी?"

"कोळंबी."

"आणि तू?"

"तुला काय करायचंय?"

"विचारलं आपलं. तुझेही तुरे जरा मलूल दिसतायत."

मेल्याला बोलायला नुसतं निमित्त हवं असायचं. मलाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, त्याने बाटल्या दिल्या, पण हसला नाही.

"कुवेतहून मामूंनी व्हिसा पाठवलाय. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर फोन करून हो-नाही सांगायचंय." तो खडूशी चाळा करत होता. "जाऊ?"

नको जाऊ! पोटातून अगदी ओठांवर आलं होतं. पण बाहेर काय आलं?

"मला काय विचारतोस? तुझं तू बघ."

घरी येईपर्यंत मी स्वतःला मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या. कैफ जाणार, या विचाराने मला जेवण गेलं नाही. पण ते सांगायचं कसं? आणि कुठल्या तोंडाने?

गुरुवारी सकाळी बाटल्या घ्यायला निघायच्या आधी टाकीत डोकावले आणि जागीच खिळले. पाणवनस्पतींच्या पानापानाला पारदर्शक मण्यांचे पुंजके चिकटले होते. अंडी! आमचा वजीर चक्क मादी निघाला होता. ह्या जातीला गारवा मिळाला की ती अंडी घालते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण रत्नागिरीत, मे महिन्यात, आमच्या घरात?

मी धावत जेटीवर गेले. "कैफ, अंडी! दीडशे तरी असतील! तुझ्या बाटल्यांमुळे!" त्याच्या डोळ्यांत एवढा आनंद चमकला, की व्हिसाबिसा मी विसरूनच गेले. "बुरशी नाही ना धरणार?" त्याने विचारलं. "तीच भीती आहे," मी म्हणाले. त्याने एक बाटली नेहमीसारखी दिली आणि दुसरी... दुसरी जरा जपून.

"ही नीट बघ," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मी कसली बघते! डोक्यात दीडशे अंडी होती. संध्याकाळी बाटल्या बाहेर काढल्या, तर त्या दुसऱ्या बाटलीतलं पाणी निळंशार! आत कागदाचा लगदा तरंगत होता. मला एकदम उमगलं. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मासे पाळणारे निळं औषध वापरतात. पुडीसकट पाठवलं वाटतं! किती करतो हा माझ्यासाठी... आणि मी त्याला साधं 'थांब' म्हणू शकत नाही. डोळे भरून आले. तरी औषध विचारल्याशिवाय घालायचं नाही, एवढी अक्कल शिल्लक होती.

शुक्रवार. आमच्या लोकांच्या बोटी शुक्रवारी बंद, त्यामुळे जेटीवर गर्दी नव्हती. फक्त महिपत तांडेलांची बोट बर्फ भरत होती. कैफ मशीनपाशी उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

"मिळालं?" त्याने गडगडाटातून ओरडून विचारलं.

"मिळालं! फार गरज होती मला त्याची!"

त्याचा चेहरा असा उजळला! "मग? काय ठरवलंस?"

"रोज देईन म्हणते! दहा-दहा थेंब, चालेल?"

"थेंब?"

"औषधाचे! जास्त झाले तर अंडी मरतील ना!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पिशवीतून बाटली काढून त्याच्यासमोर धरली. निळं पाणी डुचमळलं. त्याने आधी बाटलीकडे बघितलं, मग स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"चिठ्ठी होती ती!"

"काय? ऐकू येत नाही!"

"चिठ्ठी! शाईच्या पेनाने लिहिली! अक्षर चांगलं यावं म्हणून!"

बर्फवाल्याचा मुलगा, जन्म बर्फात गेला, आणि बर्फाचं पाणी होतं हेच विसरला! आणि बाटली अंड्यांची बातमी त्याला कळायच्या आधीच गोठली होती, हे मी विसरले! मला हसू आवरेना.

"काय लिहिलं होतंस?"

त्याचे ओठ हलले. मशीनच्या आवाजात एक अक्षर पोचलं नाही.

"काय?"

कैफने माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं... आणि खट्कन बटण बंद केलं.

सगळी जेटी गप्प. मशीन मध्येच बंद पडलेलं कुणी बघितलंच नव्हतं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, उझमा," तो म्हणाला. एवढ्या शांततेत ते पार बोटीपर्यंत ऐकू गेलं. "आज दुपारी मामूंना फोन करायचाय. तू म्हणालीस तर नाही म्हणतो. जाऊ की थांबू?"

बोटीवरचे चार खलाशी माना वळवून बघत होते. माझे कान तापले. बुधवारी गिळलेला शब्द पुन्हा ओठांवर आला होता, पण...

"अंडी फुटायला वीस दिवस लागतात," मी कशीबशी म्हणाले. "तोवर... बाटल्या लागतील."

"आणि मग?"

"मग पिल्लं मोठी व्हायला वर्षभर."

"आणि मग?"

"ही जात दहा-पंधरा वर्षं जगते, कैफ."

"म्हणजे पंधरा वर्षं रोज दोन बाटल्या?" तो हसायला लागला. "घरपोच? की घर एकच केलं तर सोपं पडेल?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. तेवढ्यात बोटीवरून महिपत तांडेलांचा आवाज आला –

"अगो बाय, काय ता हो-नाय सांगून टाक एकदाचा! हितं माझा बर्फ इतळतोय!"

"थांब," मी म्हणाले. मग आणखी मोठ्याने, सगळ्या जेटीला ऐकू जाईल असं, "कैफ, नको जाऊ. थांब!"

मशीन सुरू व्हायला त्या दिवशी पाऊण तास लागला. चुरा आत पक्का गोठून बसला होता.