बंद पाकिटातलं कीर्तन

जालना रोडवरच्या कचेरीत दुपारचा चहा निवून चालला होता आणि सहायक सरकारी वकील श्रेया काळवणे कानाला हेडफोन लावून कीर्तन ऐकत होती. एरवी तिला ही मेजवानीच. सिल्लोडच्या हरिनाम सप्ताहांत टाळ धरूनच ती वाढली होती. पण आजचं कीर्तन म्हणजे पुरावा होता. परजिल्ह्यातल्या तुरुंगातला कैदी कडुबा कीर्तनातून दंग्याचे इशारे देतो, असं ठरवून तिथल्या साहेबांनी त्याची शिक्षेतली माफी कापली होती. यंदाच्या दिवाळीला घरी येणारा माणूस पुढच्या दिवाळीवर गेला. दाद मागायला तो खंडपीठात आला, तर पुरावा म्हणे गोपनीय. बंद पाकिटात द्यायचा, फक्त न्यायमूर्तींनी ऐकायचा. कडुबाच्या वकिलालासुद्धा नाही.

श्रेयानं शेवटपर्यंत ऐकलं. पहाडी, गोड आवाज. बुवा अर्धी ओळ म्हणून थांबायचा, उरलेली सगळी बराक पुरी करायची. इशारा कुठंच नव्हता.

"यात तर काहीच नाही गं बाई," ती स्वतःशीच पुटपुटली.

पण वरून सांगणं होतं, पाकीट तसंच द्यायचं. तिनं पेन ड्राइव्ह आत घातला, काडी ओढली, लाख टिपकवली. मोहोर दाबताना तिचे डोळे मिटले, पण ते देवापुढं मिटतात तसे नाही.

सुनावणीच्या सकाळी कारकून शिवराजनं पाकीट काढायला कपाट उघडलं आणि तो हसला. "मॅडम, आत भजनी मंडळ बसवलंय व्हय? मघापासून टाळ वाजतोय."

तिलाही ऐकू येत होता. मंदिरातला असेल, असं ती म्हणाली. जवळपास मंदिर नव्हतं.

व्हरांड्यात कडुबाची आई, सरूबाई, भिंतीला टेकून बसली होती. लासूर स्टेशनहून पहाटेच आलेली. काळा कोट दिसताच तिनं विचारलं, "बाई, तुमी ऐकलं नव्हं माझ्या लेकराचं? लई गोड गातो, नाय?"

श्रेया पाकीट घट्ट धरून, खाली मान घालून पुढं गेली.

चेंबरमध्ये न्यायमूर्तींनी पाकीट हातात घेतलं. "मॅडम, तुम्ही स्वतः ऐकलंय का हे?"

"नाही, सर."

लाख अखंड होती. त्यांनी ती फोडली. लॅपटॉपवर कीर्तन झालं, गजर झाला, बराकीचा गलबला विरला. आणि मग एक बाई अगदी जवळून बोलली, "यात तर काहीच नाही गं बाई."

न्यायमूर्तींनी वर पाहिलं.

काडी ओढल्याचा आवाज आला. लाख टिपकली.

कपाटाचं दार करकरलं. मग म्हातारीचा स्वर, "लई गोड गातो, नाय?"



आणि न्यायमूर्तींचाच आवाज, "मॅडम, तुम्ही स्वतः ऐकलंय का हे?"

त्यापुढं काही नव्हतं. अर्धी ओळ म्हणून बुवा थांबतो, तसं ते थांबलं होतं. पडद्यावरचे सेकंद मात्र पुढं सरकत होते.

श्रेयानं श्वास घेतला.

तो लॅपटॉपमधून ऐकू आला.