टाकीत शिरलेला समुद्र

"दुपारच्या बोटीनं ह्यांना पलीकडच्या तुरुंगात नेणार आहेत," एवढंच बोलून ती वहिनींच्या उंबऱ्यावर बसली.

तिचा नवरा बेटावरचा पाणीवाला. गावाला दिवसाआड तासभर पाणी सोडायचं, हे त्याचं काम. गुरुवारी रात्री त्यानं मोठ्या हॉटेलच्या गच्चीवरच्या टाकीत समुद्राचं पाणी ओतलं, असा मालकाचा आरोप होता. टाकीचं कुलूप तुटलेलं, शेजारी पाणीवाल्याचा पाना. तो पाना आपण गेल्याच आठवड्यात हॉटेलात विसरलो होतो, असं पाणीवाल्याचं म्हणणं. भरपाई म्हणून गावाची नळवाहिनी हॉटेलला जोडायची, हे पंचायत दुपारीच ठरवणार होती.

पोलिसातली नोकरी सोडून खाजगी तपास करणाऱ्या वहिनींनी चपला घातल्या. मागोमाग भाऊजी निघाले. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या मते प्रकरण उघड होतं. पाहुण्यांना पोहायला तलाव आणि गावाला घागरभर पाण्यासाठी रांग, यावरून महिन्यापूर्वी सर्वांत मोठ्यानं भांडला तो पाणीवालाच. रागाच्या भरात माणूस काय करणार नाही?

हॉटेलात मालकानं अगत्यानं बसवलं. गुरुवारपर्यंत आमच्या विहिरीचं पाणी अमृत होतं, शुक्रवारी सकाळी पाहुण्यांनी चहा थुंकला, असं तो म्हणाला. खिडकीबाहेर विहिरीवर दोन पंप घरघरत होते, त्यातला एक कोरा करकरीत.

माळी कुरकुरत होता. आठ दिवस झाडांच्या पानांच्या कडा करपत होत्या आणि मालक त्याच्यावरच खत जास्त टाकल्याचा ठपका ठेवत होता. धोबीण तर दुकानदारावर उखडली होती.

"सोमवारपासून चादरींना फेस येत नाही. साबणच खोटा दिलाय मेल्यानं."

"वहिनी, आपण साबणाची चौकशी करायला आलोय का?" भाऊजींनी विचारलं.

"हो," वहिनी म्हणाल्या आणि झपाझप पंचायतीकडे निघाल्या.

पंचायतीत सगळे जमले होते. पाणीवाला बेड्या घालून कोपऱ्यात उभा होता. वहिनी बसल्यासुद्धा नाहीत.

"एवढी टाकी खारट करायची तर तीन मजले चढून किती पिंपं न्यावी लागतील? एकट्या माणसाला ते एका रात्रीत जमायचं नाही. आणि गुन्हा गुरुवारचा, मग साबण सोमवारीच का रुसला? पानं एका रात्रीत करपत नाहीत. खारेपणा जिभेच्या आधी झाडांना आणि साबणाला कळतो. टाकीत कुणी काही ओतलं नाही. मालकांनी दुसरा पंप बसवून विहीर इतकी उपसली, की जमिनीखालून समुद्र आत आला. शुक्रवारी बोंब झाल्यावर कुलूप तोडलं, विसरलेला पाना तिथं ठेवला. आता गावाचं पाणी हवंय."

"माझ्या दोनशे खोल्या भरल्यात हो," मालक पुटपुटला.

बेड्या निघाल्या. पाणीवाल्याची बायको रडतच हसली, मग एकदम थांबली.

"गावची विहीर हॉटेलच्या विहिरीपासून पन्नास पावलांवर आहे. ती?"

वहिनी आता सावकाश बोलल्या. "उपसा आज थांबला तर वाचेल कदाचित. एकदा खारावली, की गोडी यायला वर्षं जातात."

"पंप अजून चालूच आहेत," पाणीवाला म्हणाला.

सरपंचांनी मालकाकडे पाहिलं, मालकानं जमिनीकडे. कुणी जागचं हललं नाही. पाणीवाल्याला आधीच दोषी ठरवल्याची भाऊजींना लाज वाटली. ते उठले आणि पाणीवाल्याला म्हणाले, "चला, बटण कुठं आहे ते दाखवा."