लाल रंगातला कान

रंगाच्या खोलीत रंगारी मरून पडला होता. अंगातल्या डांगरीवरचा लाल रंग अजून ओला होता. गाडी अर्धीच रंगली होती, आणि गाडीमालकानं त्याबद्दल दोनदा विचारूनही झालं होतं.

वाफा ओढणारा पंखा बंद होता.

"माझ्याच हातून झालं," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "डबा ठेवला, ऑफिसातला दिवा घालवला. शेजारीच पंख्याचं बटण."

"ते दाबल्याचं आठवतंय?" फौजदारांनी विचारलं.

"भाऊ म्हणाला."

भाऊ म्हणजे रंगाऱ्याचा मेहुणा, गॅरेजमधला भागीदार. तो बहिणीच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"ताईला बोल लावू नका, साहेब."

"पंखा बंद पडून आधी कुणी मेलंय?"

"छे. वीज गेली की खोकत बाहेर यायचं, शिव्या घालायच्या, चहा प्यायचा."

"मग हे का नाही आले?"

"नशीब."

फौजदार नशिबाचा जबाब घेत नसत. त्यांनी दार पाहिलं. बाहेर उघडणारं, बिनकडीचं. आतून लाल पंजे उमटलेले, एकावर एक.

"सापडले तेव्हा काय केलंत?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"उताणं केलं. छातीला कान लावला. संपलं होतं सगळं."

डांगरीवर, छातीच्या उजव्या बाजूला, ओल्या रंगात कान स्पष्ट उमटला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "डावं फुप्फुस जन्मापासूनच नव्हतं. गेल्या महिन्यात छातीच्या फोटोत दिसलं. रंगकाम सोडा म्हटलं होतं."

रंगारी जिन्यात मध्येच बसायचा म्हणून घरचे त्याला आयुष्यभर 'संस्थानिक' म्हणत आले होते.

संध्याकाळी फौजदार ऑफिसात आले. अंधार होता. कालपासून ताई कुठल्याच बटणाला हात लावत नव्हती. फौजदारांनी फुप्फुसाचं सांगितलं.

"मला बोललेच नाहीत," ती म्हणाली.

"मलाही आत्ताच कळतंय," मेहुणा म्हणाला.

"ते आतून दार ढकलत होते," फौजदार म्हणाले. " बाहेरून कुणीतरी रेटून धरलं होतं. धडधाकट माणूस तेवढ्यात मेला नसता, उलट बाहेर येऊन चोपलं असतं त्यानं. यांना तेवढंच पुरेल, हे माहीत असणाऱ्यानंच पंखा बंद केला."

"मला माहीत नव्हतं म्हटलं ना."

"जीव आहे का बघायला माणूस कान डावीकडे लावतो, काळजावर. तुम्ही उजवीकडे लावलात. श्वास असला तर तिथेच असणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. बायकोला घोर नको म्हणून त्यांनी लपवलं. पण धंदा मोडून वाटा मागायचा, तर भागीदाराला कारण सांगावंच लागतं."

ताई फौजदारांकडे वळली.

"म्हणजे ते बटण..."

"तुम्ही दिवाच घालवलात, ताई."

ती उठली. भिंत चाचपत गेली आणि तिनं दिवा लावला. भावाचा चेहरा तिला नीट बघायचा होता.